बत्तीस जीबीचं कार्ड

किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिलमध्ये झूराकान एजे, म्हणजे झूराकानताई, आली. ती संगीतशाळेत शिकवते. तिचे वडील एस्तेबेस हे कोमूझ, म्हणजे आमचं तीन तारांचं वाद्य, वाजवायचे; त्यांच्या कितीतरी धुना दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. आजारपणात रोज एक, अशा एकोणीस धुना तिने फोनमधल्या मेमरी कार्डावर चित्रित करून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी, ते गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, पाहुण्यांना त्या दाखवायला गेली, तर नवव्या धुनेपासून पुढे काही लागेचना.

"नावं दिसतायत सगळी," ती म्हणाली. "कार्ड रुसलंय बहुतेक. बघ ना जरा."

मी तपासलं. कार्डावर छापलं होतं पाचशे बारा जीबी, आतली चिप बत्तीसचीच. बत्तीस भरल्यावर ते नुसती नावं लिहून घेत होतं.

"परत मिळेल ना रे?"

"एजे, पुसलेलं परत मिळवता येतं. हे उतरलंच नाही."

ती स्टुलावर बसली.

"शेवटचे अकरा दिवस बाबांनी दुखण्याचं औषध सोडलं होतं. त्याने बोटं जड व्हायची. म्हणायचे, 'आधी वाजवतो, मग दे.' घामाने नुसते निथळायचे."

मी कार्ड पुन्हा संगणकात घातलं.

"आठवी लाव," ती म्हणाली.

पडद्यावर रजयांना टेकून बसलेले एस्तेबेस दिसले. धून संपली तसे ते हसले. "भरलं असेल गं तुझं ते. थांबू का?"

मागून तिचाच हसरा आवाज आला, "वाजवा हो तुम्ही! तुमच्या सात पिढ्या मावतील यात."

तिने पडद्यावर पंजा ठेवला.

"एजे, हे कार्ड माझ्याच दुकानातलं," मी कसंबसं म्हटलं. "घाऊक माल आणला, तेव्हा तपासला नाही."

"माहीत आहे. 'जन्मभर भरणार नाही,' तूच म्हणाला होतास."

त्या आठ धुना मी दोन चांगल्या कार्डांवर उतरवून दिल्या. ती घेऊन गेली. संध्याकाळी उरलेली कार्डं तपासली. सहा तसलीच निघाली. हातोडीने फोडली.

तेव्हापासून झूराकान एजे शाळेत जाताना पलीकडच्या गल्लीने जाते.