माझ्या पाठीवरचा पत्ता

मित्रांनो, परीक्षेला निघताना तुम्ही जो लिहायचा पॅड काखोटीला मारता ना, त्याच कुळातला मी एक म्हातारा. तपकिरी पुठ्ठ्याचे अंग आणि डोक्यावर लोखंडी चिमटा. माझा एक कोपरा कुरतडलेला आहे, पण ते दात उंदराचे नाहीत, माझ्या मालकिणीचे आहेत. गणिताच्या पेपरला तिला दुसरे काही सुचत नसे.

लाकडाचा भुसा दाबून मला एका कारखान्यात बनवले. मालकीण पाचवीत गेली तेव्हा तिच्या वडिलांनी मला घरी आणले. तिच्याबरोबर मीही सगळ्या परीक्षा दिल्या. शिकत शिकत ती समाजशास्त्राची संशोधक झाली. गरिबांची मुले शाळेतून का गळतात, हा तिचा विषय. लोकांच्या पायऱ्यांवर बसून ती मला मांडीवर घ्यायची, चिमट्यात प्रश्नावली अडकवायची आणि एकेक प्रश्न विचारायची. मुले तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

"अगं, तो पॅड टाक आता. लाज आणतो," बरोबरचे लोक म्हणायचे.

"हा मांडीवर असला की माझा हात चालतो," ताई म्हणायची. तेव्हा मी असा काही फुगायचो की विचारू नका!

ताईचा एक नियम होता. कागदावर मुलाचे नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक घालायचा. मुले घरी काम करतात हे बाहेर फुटले तर काम देणारा ठेकेदार त्या घराचे काम बंद करील, ही तिला धास्ती. कोणता क्रमांक कोणाचा, याची एकच यादी तिच्या कपाटात कुलपात असे. अभ्यास संपला की ती फाडून टाकायची. नियम चांगलाच होता. मी आजही त्याला दोष देणार नाही.

दोनशे चौदा क्रमांकाची मुलगी दहा वर्षांची होती. बुटांची खोकी बनवणाऱ्या कारखान्यामागे एका खोलीत ती आणि तिची आई राहायच्या. उरलेली जागा खोक्यांची. पुठ्ठा दुमडायचा, खळ लावायची, कडा दाबायच्या. पोरीचे हात थांबत नसत आणि तोंडही नाही, म्हणून सगळी वस्ती तिला 'वटवट' म्हणे. तिसरीत शाळा सुटली होती. पुढचे वाचन ती खोक्यांवरच्या छापील अक्षरांवरून आपली आपण शिकली होती.

"ताई, माझं नाव कुठं लिहिलंत?" तिने विचारले.

"नाव नसतं गं लिहायचं. तू दोनशे चौदा."

"मग मला शाळेत न्यायला कुणी आलं, तर काय 'दोनशे चौदा, ए दोनशे चौदा' अशा हाका मारत फिरणार?"

ताई आधी हसली, मग तिने पेन माझ्यावर ठेवले. "मी फक्त माहिती घेते गं. शाळेचं वचन मला नाही देता येत."

थोड्या वेळाने आई पाण्याला निघाली आणि मला तिथेच ठेवून ताई तिच्याशी बोलत नळापर्यंत गेली. वटवटने हातातले खोके खाली ठेवले. मला पालथे केले आणि ताईचे पेन माझ्या पाठीवर दाबून दाबून चालवले. आधी तिने आपले पूर्ण नाव लिहिले. त्याखाली लिहिले, 'आम्ही मामाकडे जाणार. मिठाच्या गोदामामागे, टाकीजवळची खोली. शाळा मिळाली तर इथे या.'

ताई परतल्यावर ती एवढेच म्हणाली, "ताई, हा पॅड जपून ठेवा हं."

"जपतेच गं," ताई म्हणाली, आणि मला पिशवीत घातले.

अहवाल निघाला. ताईचे कौतुक झाले. नियमाप्रमाणे तिने यादीचे बारीक तुकडे केले. पुढे तीन महिन्यांनी अहवाल वाचून एका निवासी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. "खोक्यांवर वाचायला शिकलेली ती मुलगी मला हवी. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवते."

ताई धावत वस्तीत गेली. खोलीत दुसरेच कुटुंब होते. मायलेकी कुठे गेल्या, कुणाला ठाऊक नव्हते. नाव विचारले तर शेजारीण म्हणाली, "आम्ही वटवटच म्हणायचो की!" तीनशे मुलांशी बोललेल्या ताईला ते नाव काही केल्या आठवेना.

चार रविवार ती वणवण फिरली आणि चारही रविवार मी तिच्याबरोबर होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझी पाठ जुन्या गणितांनी आणि शाईच्या डागांनी आधीच भरलेली, तिथे नवे अक्षर कोणाला दिसणार? मला ओरडावेसे वाटत होते. पण पॅडला तोंड नसते, मित्रांनो, आणि स्वतःहून उलटताही येत नाही.

महिना संपला. जागा दुसऱ्या मुलीला गेली. ताई एका परक्या जिन्यावर बसून मला कवटाळून रडली. माझा चिमटा तेव्हापासून गंजतो आहे. पुढे तिने मला कधी कामावर नेले नाही. कपाटावर, फायलींच्या खाली, मी सात वर्षे पडून होतो.

यंदा ताईची लेक पाचवीत गेली. तिला पॅड हवा होता. तिने मला खाली ओढले, धूळ पुसायला पालथे केले आणि विचारले, "आई, ही कोण गं?"

ताईने ती अक्षरे वाचली. मग मला घेऊन तशीच निघाली. मिठाचे गोदाम होते, टाकी होती आणि टाकीजवळची खोलीही होती. आत सतरा वर्षांची एक मुलगी मुकाट्याने खोकी दुमडत होती. ताईने नुसती माझी पाठ पुढे केली.

मुलीने आपल्या अक्षरांवरून खळीने खरखरीत झालेले बोट फिरवले.

"दोन वर्षं मी दाराकडे तोंड करूनच बसायचे, ताई," ती म्हणाली. "मग उजेड नीट पडत नाही म्हणून जागा बदलली." आणि तिने पुढचा पुठ्ठा उचलला.

तिचे नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ताईचा नियम मलाही लागू आहे. मित्रांनो, मला नवा चिमटा नको की रंगही नको. एवढेच मागतो, एखादे लहान मूल तुम्हाला 'हे जपून ठेवा' म्हणाले, तर ती वस्तू आधी उलटून बघा. ताईने लेकीला नवा पॅड आणला. मी आता ताईच्या टेबलावर असतो, पालथा.