तनीला उठणाऱ्या अम्मा

कुंभकोणमच्या संगीत सभेत तनी सुरू झालं की लोकांना भूक लागते. गायक मुख्य कृती आटोपून पाण्याचा घोट घेतो, पुढची वीस मिनिटं मृदंग आणि घटम्, म्हणजे मातीचा घट, यांच्या हवाली करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या रांगांत खुर्च्या करकरू लागतात. कँटीनमध्ये रवा डोसा तव्यावर पडलेला असतो, अशोका हलव्याचं तूप घमघमत असतं. माणसाचा काय दोष? पंचापकेशन मामा बत्तीस वर्षं ह्या सभेत घटम् वाजवत होते. घटमला कुणी हिंग लावून विचारत नाही असं म्हणावं, तर तीही पंचाईतच होती. कारण गावात हिंग ज्यांचा, त्या बाईच सगळ्यांच्या आधी उठायच्या.

त्या बाई म्हणजे कोमळवल्ली अम्मा. तंजावूर जिल्ह्यात ज्या सांबारात त्यांच्या डबीतला हिंग नाही, त्याला लोक सांबार म्हणत नाहीत, डाळीचं पाणी म्हणतात. वडील गेले तेव्हा अम्मा सव्वीस वर्षांच्या होत्या. तेराव्यालाच काकांनी सल्ला दिला, ‘पीठ जरा वाढव, डिंक वाढव, कुणाला कळतंय?’ अम्मा म्हणाल्या, ‘चित्तप्पा, पीठच खायचं असेल तर लोक गिरणीत जातील, आपल्याकडे कशाला येतील?’ काका पुन्हा कारखान्याची पायरी चढले नाहीत. पुढे एका वर्षी काबूलकडचा कच्चा माल चार महिने आलाच नाही. अम्मांनी हलका माल काढला नाही, कारखाना बंद ठेवला, पण एकाही माणसाला घरी बसवलं नाही. सगळ्यांना शिड्या आणि कौलं देऊन सभेच्या गळक्या छपरावर चढवलं. आज सभेत कोरड्या अंगानं गाणं ऐकता येतं ते त्या चार महिन्यांमुळे. तेव्हापासून मार्गळी महिन्यातला उत्सव अम्माच करतात. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध असते. व्यासपीठावर जाऊन शाल मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

अशी ही बाई. गाण्यात डोळे मिटून बसायची, आणि तनी सुरू झालं की पदर सावरून बाजूच्या दारानं चालती व्हायची. अकरा वर्षं हेच. पूर्वी लोक उठायचे ते निदान चोरासारखे, वाकून. आता खुद्द अम्माच उठतात म्हटल्यावर लाज कसली? अख्खा हॉल उठायचा.

ह्या वर्षी सभेचे सेक्रेटरी सौरिराजन घरी आले, कॉफी प्याले आणि पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले, ‘मामा, वाईट वाटून घेऊ नका. रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत. कमिटीचं म्हणणं, पुढच्या वर्षापासून नुसता मृदंग पुरे. ह्या खेपेला लोक बसले तर बघू.’

ते गेल्यावर मामांनी सगळा राग बायकोवर काढला. धर्मा मामी भाजी चिरत होत्या. त्यांनी विळीवरून मानही वर केली नाही.

‘माझ्यावर काय ओरडता? मी उठते का? त्या हिंगवाल्या अम्मांना विचारा जाऊन. का तिथं तोंडाला कुलूप लागतं?’

‘त्यांना काय विचारायचं? उत्सव त्यांचा, हॉल त्यांचा.’

‘आणि मडकं तुमचं. ते घेऊन बसा मग घरात. मी त्यात चिंच भरून ठेवीन.’

हे वर्मी लागलं. मामा तसेच उठले आणि कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

कारखान्यात सामसूम. कामगार अंगणात पाय पसरून बसलेले. ‘आज संप आहे का?’ मामांनी विचारलं.

‘संप कसला मामा, अम्मांना सर्दी झालीय,’ एक म्हातारी कामगारीण म्हणाली. ‘त्यांनी वास घेतल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. नाक सुटेपर्यंत आम्ही आपल्या बसून. आत जा, आज त्यांना वेळच वेळ आहे.’

अम्मा ऑफिसात नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. मामांना बघून त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची स्वतः पुढे केली. ‘बसा मामा. नाक बंद आहे, कान उघडे आहेत. बोला.’

मामांनी वाटेत चार सभ्य वाक्यं जुळवली होती, ती आयत्या वेळी पळून गेली. ‘अम्मा, माझ्या वाजवण्यात काय खोट आहे, ते एकदा तोंडावर सांगून टाका.’

‘खोट? कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सांगायला कशाला हवं? अकरा वर्षं मी बघतोय. तनीची पहिली थाप पडली की तुम्ही उठता.’

अम्मा एकदम हसल्या. हसता हसता शिंकल्या, आणि मामांना असा संताप आला की ते उठणारच होते.

‘बसा हो,’ अम्मा म्हणाल्या. ‘मी विहिरीवर जाते.’

‘विहिरीवर?’

‘व्यासपीठाच्या मागे विहीर आहे ना, तिच्या कठड्यावर. आमच्या अप्पांना त्या काळात हॉलात बसू द्यायचे नाहीत. हिंगाचा वास येतो म्हणायचे. मग ते मला घेऊन मागच्या खिडकीखाली कठड्यावर बसायचे. अकरा वर्षांपूर्वी समोर कर्णे लावल्यापासून हॉलात नुसता मृदंगाचा गडगडाट ऐकू येतो, तुमची बोटं ऐकूच येत नाहीत. खिडकीतून मात्र माती ऐकू येते. घट कुठं जाड आहे, कुठं पातळ, तेसुद्धा. मामा, वर्षभर मी त्या वीस मिनिटांची वाट बघते. म्हणून तर गुपचूप उठून जाते.’

मामांचा राग गेला, आणि त्याच्या जागी काय आलं ते त्यांनाच कळेना. आपल्याला कुणी ऐकत नाही म्हणून हा माणूस अकरा वर्षं कुढत होता. आणि पाठीमागे हातभर अंतरावर ही बाई कान लावून बसली होती. त्यांना हसू आलं.

‘गुपचूप?’ ते कसेबसे म्हणाले. ‘अम्मा, तुम्ही उठलात की तुमच्या मागे सगळा गाव उठतो. तुम्ही मागे वळून कधी बघितलंच नाही का?’

अम्मांच्या हातातला रुमाल खाली आला. ‘सगळे?’

‘सगळे. सौरिराजन म्हणतो, पुढच्या वर्षी घटमच नको.’

अम्मांनी रुमाल टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘एवढा नाकाचा तोरा माझा, आणि माझ्याच पाठीमागचं मला कळलं नाही. चूक माझी आहे, मामा. मला क्षमा करा.’

गावातल्या किती मोठ्या माणसांनी कुणाची अशी क्षमा मागितली आहे, मला माहीत नाही. मी तरी दुसरं नाव ऐकलेलं नाही.

‘सौरिराजनना फोन करा ना,’ मामा म्हणाले. ‘तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते.’

‘करीन की. आणि मग लोक म्हणतील, हिंगवालीनं हट्टानं माठ बसवून ठेवलाय. तुम्हाला तसं चालेल?’

मामांनी मान हलवली. तसं चालणार नव्हतं.

उत्सवाच्या संध्याकाळी गायिकेनं मुख्य कृती संपवली. मृदंगवाल्यानं तनीची पहिली थाप दिली, आणि सवयीनं तीनशे माणसं अर्धवट उठली. अम्मा जागच्या हलल्या नाहीत. मांडीवर हातानं ताल धरून सरळ बसून राहिल्या. अर्धवट उठलेल्या माणसांची जी काय पंचाईत झाली! कुणी धोतर नीट केल्यासारखं केलं, कुणी खिशात उगाच काहीतरी शोधलं, आणि एकेक करून सगळे मुकाट्यानं खाली टेकले. कँटीनवाला दारात येऊन डोकावून गेला.

पण बसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मागे कुजबुज चालूच होती. मामांना समोर अम्मा दिसत होत्या. ह्या खुर्चीत त्यांना माती ऐकू येणार नाही, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. वर्षभराची वीस मिनिटं अम्मांनी मामांसाठी सोडली होती.

मृदंगाची फेरी संपली आणि पाळी घटमची आली. मामांनी हात पुढे करून समोरचा माइक उचलला आणि लांब, पार तंबोऱ्याच्या मागे ठेवून दिला. सौरिराजन खुर्चीतून उठून हातवारे करू लागले. मामांनी तिकडे पाहिलंच नाही. त्यांनी एका बोटानं घटाच्या गळ्याशी वाजवलं. मागच्या रांगांना काहीच ऐकू गेलं नाही.

‘श्श!’ कुणीतरी म्हणालं. ‘श्श!’ दुसऱ्यानं म्हटलं. कुजबुज थांबली. पंखे मोठ्यानं वाजायला लागले, तेव्हा तेही कुणीतरी बंद केले. आता बोटं ऐकू येत होती, नखं ऐकू येत होती, पोटावरचा घुमारा आणि गळ्याजवळची टणक माती वेगवेगळी ऐकू येत होती. लोक पुढे वाकले. मामांनी शेवटचा तुकडा तीनदा घेतला, आणि तिसऱ्यांदा समेवर आले तेव्हा हॉलभर हात मांड्यांवर एकदम पडले.

आता मृदंगानं उचलायचं होतं. त्याच्या थापेआधीच पहिल्या रांगेतून आवाज आला. इतक्या वर्षांत अम्मा ह्या सभेत कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

‘मामा, अजून!’

मृदंगवाल्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. पंचापकेशन मामांनी घट पोटाशी ओढून घेतला आणि पुन्हा वाजवायला सुरुवात केली.