डाळिंबी गालिचा

पौषातली सकाळ आगाशिवाच्या डोंगरावरून उतरते, ती सावकाश. आधी तिचा सोनसळी हात माथ्यावर टेकतो, मग लेण्यांच्या काळ्या तोंडांवरून फिरतो, मग खाली येतो, कृष्णाकाठच्या उसावर. ऊस तुऱ्याला आलेला. रुपेरी, मवाळ, धूसर असे असंख्य तुरे. वारा आला की सगळे एका अंगाला कलतात, वारा गेला की सगळे एकदम उभे राहतात. रुपेरी तुरे, राखी आभाळ, करडी वाट. या मुलखात हिवाळा रंग जरा जपूनच वापरतो.

आणि वर कारखान्याची काजळी. गळीत सुरू झालं की चिमणी अहोरात्र धुमसते, आणि चिपाडाची जळकी, हलकी, मखमली कुसळं वाऱ्यावर तरंगत येतात. अंगणात उतरतात, वाळवणावर उतरतात, देवाच्या नैवेद्यालाही सोडत नाहीत. बोट लावावं तर विरून जातात आणि बोट तेवढं काळं करतात.

अशा त्या धूम्रवर्णी मुलखात, कराडच्या वेशीबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एक नवं घर उभं राहिलं होतं. चंद्रशुभ्र भिंतींचं, पश्चिमेला रुंद खिडकी असलेलं, अजून ओल्या चुन्याचा वास न सुटलेलं. पाटीवर नाव हिंदुरावांचं होतं. पण गावात विचाराल तर पोरसोरही सांगे, ते हौसाकाकीचं घर.

हौसा. नाव ऐकून कुणालाही वाटावं, या बाईनं काय काय हौस केली असेल! आईबापांनी नाव मात्र हौसेनं ठेवलं, आणि नाव ठेवण्यातच त्यांची हौस फिटली. पुढं लग्न झालं, संसार झाला, तो धरणावरच्या वसाहतीत. हिंदुराव पाटबंधारे खात्यात, राहायला सरकारी क्वार्टर. भिंतींना खात्यानं ठरवलेला एकच रंग, धड पिवळा नाही, धड पांढरा नाही. सगळ्या क्वार्टरांना तोच. शेजारणीच्या घरात शिरलं तरी आपल्याच घरात आल्यासारखं वाटे.

भिंती खात्याच्या होत्या. पण भिंतींच्या आतलं सगळं एका शब्दाच्या मालकीचं होतं. तो शब्द म्हणजे मळखाऊ.

मळखाऊ! काय शब्द आहे पाहा. मळ खाणारा. आलेला मळ मुकाट पोटात घालणारा आणि तोंडातून ब्र न काढणारा. त्याला रंग कशाला म्हणायचं, सूनच म्हणावी! हौसाचे पडदे मळखाऊ, हौसाच्या चादरी मळखाऊ, पोरांची दप्तरं, उश्यांचे अभ्रे, हिंदुरावांचे स्वेटर मळखाऊ. एवढंच काय, लग्नातला शालूसुद्धा सासरच्यांनी चॉकलेटी काढला होता. पुढं दहा ठिकाणी नेसता येईल, डाग पडला तर कळणार नाही, म्हणून. मांडवात बसलेली ती नवी नवरी पाटाच्या लाकडात मिसळून गेली होती.

हा कायदा तानूआक्काचा. आक्का म्हणजे हिंदुरावांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात पांढऱ्या कपाळानं माहेरी परतलेली, आणि परतताच आईविना पोरक्या धाकट्या भावाची आई झालेली. तिनं शेण उचललं, भाकरी थापल्या, भावाला शिकवला, त्याचं लग्न लावलं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हौसा तिला आधी भिऊन होती, मग हळूहळू माया लागली, आणि भीतीपोटी पाळलेला शब्द एकवेळ मोडता येतो, मायेपोटी पाळलेला मोडवत नाही. आक्काच्या लुगड्याला रंग असतो, हे तर कुणी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. धुतल्या पाण्याचा रंग असतो तसा तो होता.

घर बांधून झालं तेव्हा गावाकडून तिचा सांगावा आला. "बैठकीत गालिचा घालायचा म्हनताय न्हवं? घाला की. पर मळखाऊ घ्या. काजळीचा मुलूख हाय, चार दिसांत रया जाईल."

हौसानं मान डोलावली. मान डोलावायची तिला सवय होती.

पण त्याआधीच, केव्हा तरी भिंतींना चुना लागत असतानाच तिच्या मनात काहीतरी हललं होतं. हे घर खात्याचं नव्हतं. इथं बदलीची चिठ्ठी येणार नव्हती, इथं उद्या दुसरं कुणी राहायला येणार नव्हतं. या घरात एक तरी गोष्ट अशी असावी, जिच्याकडं बोट दाखवून म्हणता यावं, ही माझ्या मनानं आली. एकच. तिला जास्त नको होतं.

दोघं नदाफांच्या दुकानात गेली. पुढं गाद्या, उश्या, सतरंज्या, आणि मागच्या दालनात गालिचे. नदाफभाई एकेक गुंडाळी खांद्यावरून उतरवत आणि फरशीवर सोडून देत. मोरपिशी आला. अंजिरी आला. गर्द हिरवा आला, निळा आला, आणि प्रत्येक वेळी ती काळोखी खोली घटकाभर दुसऱ्याच कुणाची तरी झाली.

मग डाळिंबी आला.

पिकलं फळ फोडावं तसा तो उघडला. रसरशीत, तेजाळ, आरक्त. त्याच्या काठाला सोनेरी वेल होती, पण वेलीकडं बघायला डोळा मोकळा राहीना. डाळिंबी! लाल म्हणावं तर लालाहून खोल, गुलाबी म्हणावं तर गुलाबीहून धीट. कुणाची परवानगी न मागता उभा असलेला रंग. हौसा खाली बसली. तिनं तळवा त्याच्यावर ठेवला. इतकी वर्षं कुठं होतास, असं विचारावंसं तिला वाटलं, आणि वाटलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

"वहिनी, कुठला बांधू?" नदाफभाईंनी विचारलं.

"तुला आवडेल तो घे," हिंदुराव म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

अडवणारं कुणी नव्हतं. आक्का कोसभर लांब गावात होती. नवरा राजी, दुकानदार राजी, आणि तो रंग तर पायाशी लोळण घेत होता. हौसानं तोंड उघडलं.

"मळखाऊ दाखवा," ती म्हणाली.

जिभेनं घात केला. आयुष्यभर दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की जी जीभ एवढंच बोलत आली, ती त्या क्षणीही तेवढंच बोलली. नदाफभाईंनी मातकट रंगाची एक गुंडाळी काढली. ती बांधली गेली, रिक्षात चढली, घरी आली. वाटेत हौसा एक शब्द बोलली नाही. हिंदुरावांना वाटलं, खुशीत आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं तो गालिचा बैठकीत अंथरला. फरशी मातकट, गालिचा मातकट. चारी कोपरे ओढून सारखे केले, हात फिरवला, मागं सरून पाहिलं. काहीच दिसलं नाही.

तेवढ्यात हिंदुराव बाहेरून आले. चपलांसकट थेट मधोमध येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून चहूकडं बघत.

"अगं, गालिचा घालणार होतीस न्हवं? कुठाय?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

त्यांनी खाली पाहिलं. एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. आणि खो खो हसत सुटले. "हात तिच्या मायला! लई भारी मळखाऊ निघाला की गं. मळ खाता खाता स्वतःलाच खाऊन बसला!"

हौसाही हसली. हसता हसता तिची नजर पुन्हा त्या मातकट फरशीवर गेली. मांडवातला पाट तिला आठवला. चॉकलेटी शालूतली ती मुलगी आठवली, जिच्यासमोर उभं राहून पाहुणे विचारत होते, नवरी कुठाय? तिला राग आला. आक्काचा नाही, या भोळ्या नवऱ्याचा तर नाहीच. स्वतःच्या जिभेचा राग आला, आणि तो राग तिला चक्क आवडला. किती दिवसांनी अंगात ऊब आली होती.

"हा परत द्यायचाय," ती म्हणाली.

हिंदुराव हसायचे थांबले. "आन आक्का?"

"आक्कांना मी सांगेन."

"मग मी येतो संगं."

"नको. माझी मी जाते."

तिनं पदर खोचला, गालिचा गुंडाळला, आणि रिक्षात शेजारी उभा करून निघाली. वळणावळणावर तो म्हाताऱ्या पाव्हण्यासारखा तिच्या खांद्यावर रेलत होता. रेलू दिला. त्याचा काय दोष होता?

दुकानात गिऱ्हाईक होतं. लग्नघरची माणसं गाद्या बघत होती. नदाफभाईंनी गुंडाळी ओळखली. "का ओ वहिनी, कालच नेला. काय खराबी निघाली?"

"खराबी काहीच नाही."

"मग दुसरा कुठला देऊ?"

पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा तीच जीभ. तो जुना शब्द दातांच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला, सवयीनं, हक्कानं, वाट मोकळी असल्यासारखा. हौसानं तोंड मिटलं. त्याला गिळलं. पोटात घालायची सवय तिला होतीच, आज तिनं त्यालाच पोटात घातलं. आणि मग श्वास भरून, मान ताठ करून ती म्हणाली,

"डाळिंबी!"

इतक्या मोठ्यानं म्हणाली की लग्नघरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत. तिला वाटलं, सबंध कराडानं वळून बघावं. तिचा आवाज तिच्याच कानांना नवा होता, खणखणीत, भरदार, कोऱ्या नाण्यासारखा. परत येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "काकी, घरात कार्य हाय काय?" ती म्हणाली, "हाय तर!"

डाळिंबी गालिचा अंथरला गेला आणि घराचा नूर पालटला. पांढऱ्या भिंती पांढऱ्या राहिल्या नाहीत, त्यांच्या गालांवर लाली चढली. छतावर एक फिकट, हलती अरुणिमा जाऊन बसली. हिंदुराव दारात आले, थबकले, आणि कुणी न सांगता त्यांनी चपला बाहेर काढल्या. काठाकाठानं एक फेरी मारली, देवळात मारावी तशी.

"हौसा," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यावर बसायचं तरी कसं गं?"

"ऐटीत," हौसा म्हणाली.

रविवारी उतरत्या दुपारी आक्का घर बघायला आली. पाय धुतले, देवाला हात जोडले, आणि बैठकीच्या उंबऱ्याशी येऊन खिळून राहिली. हिंदुराव उगाचच खिडकीबाहेर बघू लागले. हौसा गालिच्याच्या मधोमध उभी होती, आणि तिनं पाय मागं घेतला नाही.

खिडकीतून काजळीचं एक कुसळ तरंगत आलं. गिरक्या घेत, घाई न करता, जणू आक्काची साक्ष द्यायलाच, ते त्या डाळिंबी विस्तारावर उतरलं. काळंभोर, उठून दिसणारं.

आक्कानं बोट दाखवलं. "दिसतंय बघ."

"दिसू द्या, आक्का." हौसा वाकली, कुसळ चिमटीत उचललं, पदराला पुसलं. "दिसलं म्हणून तर उचललं. न दिसणारा मळ काय कमी असतो? आजवर तो आपल्या पायाखाली तसाच राहिला."

एवढं मोठं वाक्य ती आक्कापुढं आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. बोलली, आणि डोळे खाली घातले नाहीत. घर तिचं होतं. रंग तिचा होता. आता आक्का रागावली तरी तो तिचाच राहणार होता.

आक्का उंबरा ओलांडून आत आली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, ओल्या मातीवर टाकावं तसं जपून. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली.

त्याच वेळी सूर्य खिडकीच्या चौकटीत आला. तिरकं, तांबूस, तृप्त ऊन सबंध गालिच्यावर पसरलं, आणि गालिच्यानं ते उचलून वर उधळलं. भिंतीवर उधळलं, छतावर उधळलं, आक्काच्या त्या विटलेल्या, वर्णहीन लुगड्यावर उधळलं. निऱ्यांच्या घडीघडीत डाळिंबी उतरलं. सुरकुतल्या हातांवर डाळिंबी उतरलं. आक्कानं आपला तळवा वर करून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि पदराचं टोक चिमटीत धरून उजेडात नेलं.

 मग तिनं मान वर केली. तो आवाज आक्काचा होता, पण हौसानं तो कधी ऐकलेला नव्हता. एखाद्या मुलीनं जत्रेत आईचा पदर ओढून विचारावं, तसा लहान झालेला.

"हौसा... ह्यो रंग लुगड्यात गावतो काय गं?"

"गावतो, आक्का," हौसा म्हणाली. "उद्याच जाऊ. तुमच्या तोंडानं मागायचा मात्र."

आक्कानं ओठांतल्या ओठांत तो शब्द एकदा म्हणून पाहिला. मग जरा मोठ्यानं. मग आणखी जरा मोठ्यानं. डोंगराआड दिवस सरकत होता, भिंतीवरची लाली चढत होती, आणि त्या उजेडात दोघी नणंद-भावजय बसाव्या तशा नव्हे, सख्ख्या बहिणी बसाव्या तशा बसल्या होत्या; मांडी घालून, मान वर करून, ऐटीत.