बघितल्याची नोंद

बाळ झोपलं की माझं ऑफिस उघडतं. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, त्यावर लॅपटॉप, आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या तपासण्यांचे रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर असतात. महिनाभर एकेक उघडायला पाऊण मिनिट लागत होतं. आमच्या मॅडमनी सकाळीच गोड आवाजात सुनावलं, "आज संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर दुसऱ्या कुणाला देते, तू निवांत बाळाला सांभाळ."

निवांत म्हणे!

रिपोर्ट शोधणाऱ्या क्वेरी तपासल्या, मेमरी तपासली. सगळं ठीक. विचित्र एकच होतं. लोक रिपोर्ट नुसते वाचत होते, तरी डिस्क सारखी लिहीत होती. काय लिहीत असेल ही बया?

मागे सासूबाई पाळण्यात डोकावल्या. जन्मभर नर्स होत्या, वॉर्डातली फेरी अजून अंगातून गेलेली नाही. स्टुलावरची वही उघडून त्यांनी लिहिलं : "दोन दहा. झोपलाय." चार मिनिटांनी पुन्हा तेच. पानं सळसळली, बाळ चुळबुळलं.

"आई, दूध पाजल्याचं लिहा. नुसतं बघितल्याचं कशाला?"

"सवय गं. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

"आजवर कुणी नाही," त्या स्वतःच हसल्या.

माझा हात थबकला. मी फाइल सिस्टिमची सेटिंग उघडली. तिथेही हीच वही! फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहायची, दर वेळी. एक रिपोर्ट शोधायला शेकडो चिमुकल्या फाइली उघडतात, त्या प्रत्येकीची वेळ.

पण ती नोंद कुणाला लागत असली तर? ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणाऱ्या दादांना फोन केला.

"अगं बाई! कुठले जुने रिपोर्ट कुणीच उघडत नाही, ते बघायला मीच लावलं होतं. आठ दिवसांसाठी."

"दादा, महिना झाला."

"काढ, काढ! आणि मॅडमना..."

"एक किल्ली कुलपातच राहून गेली होती, एवढंच सांगते. कुणाची, ते नाही."

सेटिंगमधला एक शब्द बदलून वेळ लिहिणं बंद केलं, डिस्क नव्याने जोडली. रिपोर्ट दोन सेकंदांत समोर! मॅडमना कळवलं. पाचव्या मिनिटाला त्यांचा मेसेज आला : "उद्याची कामं तुलाच पाठवतेय."

मी वळले. बाळ टक्क जागं, मूठ चोखत आमच्याकडे बघत होतं.

"आई, हा कधी उठला?"

"कुणास ठाऊक," सासूबाई म्हणाल्या. "मी लिहिलंच नाही."