पुसलेली भिंत

फवारणीवाल्याला सगळी गल्ली फुसफुस म्हणायची. खांद्यावरच्या पंपाच्या आवाजावरून पडलेलं नाव. दारोदार त्याचं एकच पालुपद असे: पांढरे डाग पडतील, पडू देत, पण सहा महिने भिंत पुसू नका. रक्त पिऊन जड झालेला डास आधी भिंतीला टेकतो आणि औषधाने तिथेच मरतो. तो मेला की त्याच्या पोटातले हिवतापाचे जंतू पुढच्या माणसापर्यंत पोचत नाहीत.

शेजारच्या शिंप्याच्या रक्तात हिवताप सापडल्याचं त्याला दुपारी दवाखान्यात कळलं. स्वतःच्या घराची मात्र धास्ती वाटली नाही. महिन्यापूर्वीच त्याने कोपरा न् कोपरा फवारला होता, पाळण्यामागची भिंत तर दोनदा. पाळण्यात दीड महिन्याची लेक होती.

घरी आला, तर भिंत लख्ख. त्याची आई पाळण्याची दोरी ओढत देवाचं गाणं गुणगुणत होती.

"कधी पुसलीस?"

"झाले पंधरा दिवस. बाळ बघायला माणसं येतात रे. एवढी चट्ट्यापट्ट्यांची भिंत? म्हणतील, आजीला हात नाहीत काय."

त्याने भिंतीवर बोट फिरवून पाहिलं. "गावभर सांगत फिरलो, आई. तुला तेवढं सांगायचं राहिलं."

पाळण्याच्या वर, त्या स्वच्छ भिंतीवर एक डास बसला होता. पोट फुगलेलं, हलायलाही आळसावलेला. त्याने हात मारला. तळहातावर ताजं रक्त उमटलं. लेकीच्या गालावर लालसर गांधी उठली होती.

बायको म्हणाली, आत्ताच रक्त तपासून आणू. तो म्हणाला, इतक्यात काही दिसायचं नाही. दहा-बारा दिवस जंतू आत दडून वाढतात. मग त्याने सगळ्यांना बाहेर काढून भिंत पुन्हा फवारली. डाग पडले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून घरातलं गाणं थांबलं.

ती तासातासाला बाळाच्या कपाळावर हात ठेवू लागली. दहा दिवस कपाळ गार होतं. अकराव्या दिवशी बाळाने दूध ओढलं नाही. आजीने कपाळावर हात ठेवला, तो बराच वेळ उचललाच नाही.

"जरासं कोमट लागतंय," ती हळूच म्हणाली. "माझाच हात गार असेल."

त्याने लेकीला उचललं आणि चपला न घालताच दवाखान्याची वाट धरली.