राणीची वाकडी करंगळी

राणी सात वर्षं या भिंतीला हात टेकून राजाची वाट पाहत उभी होती आणि तिच्या विरहाने अखेर दगडसुद्धा विरघळून त्यात तिचा पंजा उमटला. गाईड म्हणून हे मी दिवसातून अकरा वेळा सांगतो. हात माझ्या आईचा आहे.

माझे बाबा या महालाचे गवंडी होते. पर्यटक हात लावून लावून भिंतीतला पंजा पुसट करत. मग दर पाच वर्षांनी बाबा जुना थर खरडत, नवा चुना लावत आणि आईला बोलावून घेत. आई ओल्या चुन्यात हात दाबायची, नळावर धुवायची आणि "गॅसवर दूध आहे" म्हणत घरी पळायची. तिची करंगळी लहानपणी दारात चेमटून वाकडी झाली होती. राणीची हत्तीच्या साखळीत अडकली होती, ही भर माझी.

गेल्या महिन्यात आई गेली. रजा संपली, मी कामावर आलो, अकरा वेळा सांगितलं. विशेष काही वाटलं नाही.

सोमवारी महालाच्या मुख्य अधिकारी मॅडम पाहणीला आल्या. "पंजा फारच पुसट झालाय हो. नवा करून घ्या."

"मॅडम, यावर काच बसवू या?"

"मग लोक हात कुठे ठेवणार, तुमच्या डोक्यावर?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी पंज्याबद्दल खरं बोललो. "तो माझ्या आईचा हात आहे. शेवटचा."

"माहितीये की." त्यांनी फाईल उघडून दाखवली. 'राणीचा पंजा : गवंड्याची पत्नी, नग एक.' "आता दुसरं कुणीतरी बघा."

दुपारी नवा गवंडी खरडायला लागला. "जुना थर काढल्याशिवाय नवा धरत नाही, दादा," तो म्हणाला, जणू मी त्याला अडवलं होतं. मी अडवलं नव्हतं.

"हात कुणाचा घ्यायचा?"

"माझाच घे."

"राणीचा पंजा एवढा? राजा घाबरूनच परत आला नसेल."

मी ओल्या चुन्यावर हात ठेवला आणि करंगळी वाकवली.

"अहो, सरळ ठेवा ना बोटं!"

"राणीची वाकडी होती," मी म्हणालो. "हत्तीची साखळी."

हात नळावर धुतला. खरडलेला चुना एक घमेलं निघाला. त्यात पार्किंगमधला गेटजवळचा खड्डा जेमतेम अर्धा बुजला.