कानांवरच्या दोन वाट्या

मी कारखान्यातला एक जुना इअरमफ आहे. प्लास्टिकच्या दोन जाड वाट्या, आत स्पंज आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, मोठा आवाज कानाबाहेर अडवणे हे माझे काम.

पत्रे कापणाऱ्या यंत्रावर एक मिस्त्री होते. कितीतरी वर्षे मी त्यांच्या डोक्यावर काढली. यंत्र ओरडून ओरडून थकले, पण त्यांच्या कानांना धक्का लागला नाही. "याच्यामुळेच मला नातीची बडबड ऐकू येते," असे ते कौतुकाने सांगत. निवृत्त झाल्यावर ते मला घरी घेऊन आले. मी खिळ्यावर लटकलो, धूळ खात राहिलो. नातीला सगळे चिमणी म्हणत. तिची दिवसभराची चिवचिव ऐकण्यात माझा वेळ छान जाई.

एके दिवशी मिस्त्रींच्या सुनेच्या, म्हणजे चिमणीच्या आईच्या, अगदी कानाशी ट्रकचे टायर फुटले. जखम काही दिसली नाही, ऐकूही नीट येत होते. पण तेव्हापासून साधे आवाज तिला सुयांसारखे टोचू लागले. ताटावर चमचा वाजला, पिशवी सळसळली, की ती कान धरून खाली बसे. "नाटकं नुसती!" शेजारीण म्हणाली. मिस्त्रींना ते सहन झाले नाही. त्यांनी मला पुसून सुनेच्या डोक्यावर चढवले.

"घे पोरी. आता कसं वाटतंय?"

तिने डोळे मिटले. "बाबा, किती शांत!"

मला धन्य वाटले. पण ती मला काढेचना. जेवताना, भाजी चिरताना, अगदी झोपतानाही मी डोक्यावरच. आणि मग विचित्रच घडू लागले. बाहेरचे आवाज मी अडवले, तसे तिला आतले ऐकू येऊ लागले. कानांत रक्त धावे. मान वळली की करकर होई. पापणी मिटली तरी टप् वाजे. "माझ्या आत कोणीतरी चालतंय," ती पुटपुटली. क्षणभर मला काढले, तर पेन्सिल पडल्याचा आवाजही तिला स्फोटासारखा वाटे.

मग घरच मुके झाले. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. सगळे टाचा उचलून चालत आणि नुसते ओठ हलवून बोलत. भिंतींवर सावल्या हिंडाव्यात तशी माणसे हिंडत. चिमणीही आवाज न करता हसायला शिकली.

एका दुपारी सून ओट्याशी काम करत होती. सहज मागे वळली, तर चिमणीचे बोट दाराच्या फटीत चिरडले होते. तोंड सताड उघडे, गाल ओले. सुनेने दार ढकलून बोट सोडवले आणि मला ओरबाडून फेकले. तरीही आवाज नाही! पोर मुक्यानेच रडत होती. इतकी भयाण शांतता मी माझ्या वाट्यांच्या आतही कधी अनुभवली नव्हती.

"रड गं! मोठ्यानं रड!" आई किंचाळली.

"तुझे कान दुखतील," पोर कुजबुजली.

"दुखू देत!"

चिमणीने हंबरडा फोडला. आई थरथर कापत होती, पण तिने लेकीला छातीशी धरले. मी जमिनीवरच पडून होतो.

दुसऱ्या दिवशी कानांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सतत शांततेत ठेवलं की कान आणखी हळवे होतात. हा इअरमफ ड्रिलसारख्या मोठ्या आवाजापुरता वापरा. घरात पंख्याच्या घरघरीपासून सुरुवात करा. थोडं थोडं वाढवा. दमलात की थांबा."

आता बहुतेक वेळ मी खिळ्यावरच असतो. सुनेचे काही दिवस बरे जातात, काही वाईट.

मित्रांनो, कोणी कान झाकले तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ भांडी आपटू नका. मला जरूर जपा, पण माझ्या आत कायमचे राहायला येऊ नका.

काल चिमणी आईजवळ बसून पाढे म्हणत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "आई, हळू म्हणू?"

"नको," आई म्हणाली. तिचे हात कानांकडे निघाले होते. ते तिने मांडीवर आणून ठेवले.